ताटाबाहेरचं खाणं : शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचे चौदा महिने

ही हकीकत माझ्याकडे आलेल्या एका बाईंची आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. इथे त्यांना नुसतं ताई म्हणते. मी आहारतज्ज्ञ आहे आणि सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोन दिवस एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. वजन उतरल्याच्या गोष्टी पुष्कळ वाचायला मिळतात. या प्रकरणात पहिले दोन महिने माझ्या चुकीने वाया गेले, आणि ते का गेले हे मला उतरलेल्या किलोंपेक्षा जास्त सांगण्यासारखं वाटतं.

पार्श्वभूमी

ताईंचं वय ४७, उंची १५२ सेंटिमीटर. जुलै २०२४ मध्ये डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं तेव्हा वजन ७१.४ किलो होतं, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) जवळपास ३१. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलपणा धरतात. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ होतं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा, आणि ताई त्याच्या बरोबर मधोमध उभ्या होत्या. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे कमी. गुडघे दुखायचे, जिना उतरताना जास्त. आईला आणि एका मामांना मधुमेह.

घरात पाच माणसं. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, मुलगा कॉलेजात, मुलगी बारावीला, आणि सासूबाई, ज्यांना ताई ‘आत्ती’ म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत ताईंचं शिवणकाम चालतं. ब्लाऊज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन सुरू असतं. लॉकडाऊनमध्ये मास्क शिवायचं काम मिळालं होतं, त्या पैशांतून त्यांनी पायमशीनला मोटर बसवून घेतली. वजन कधीपासून वाढलं असं विचारल्यावर ताई लगेच म्हणाल्या, “मोटर बसली तवापासनं.” त्याच सुमाराला पाळी अनियमित झाली होती आणि घराबाहेर पडणंही थांबलं होतं, त्यामुळे सगळा दोष मोटरच्या माथी मारता येणार नाही. पण दिवसाचे सहा-सात तास हलणारे पाय थांबले, हे खरंच.

अडचण

“मॅडम, मी खाते तरी किती?” हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. ताईंनी आदल्या दिवसाचं खाणं सांगितलं ते असं: सकाळी चहा आणि दोन खारी, दुपारी दोन चपात्या, भाजी, थोडा भात-आमटी, संध्याकाळी मूठभर भडंग, रात्री एक भाकरी आणि भाजी. दिवसभरात चहा दोन कप. हिशेब केला तर फार फार तर १,४५० कॅलरी होतात. त्यांच्या वयाला, वजनाला आणि बैठ्या कामाला रोज साधारण १,७५० लागतात. म्हणजे सांगितलेलं सगळं खरं धरलं तर त्या महिन्याला किलोभर उतरायला हव्या होत्या. इथे मी थांबून विचार करायला हवा होता. केला नाही. “सगळे कमीच सांगतात” असं मनात म्हटलं आणि पुढे गेले.

वजन उतरवण्याचा हा त्यांचा पहिला प्रयत्न नव्हता. याआधी तीनदा झालं होतं: एकदा योगाच्या वर्गाने, एकदा रात्रीचं जेवण सोडून, एकदा दिवसातून दोनदाच जेवून. तिन्ही वेळा तीन-चार महिन्यांत चार-पाच किलो कमी झाले आणि पुढच्या दिवाळीपर्यंत व्याजासकट परत आले.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

मी त्यांना १,२०० कॅलरींचा छापील तक्ता दिला. सकाळी ओट्स, अकरा वाजता फळ, दुपारी एक चपाती आणि वाटीभर डाळ, चार वाजता पाच बदाम, रात्री साडेसातला सूप आणि भाजी. हा तक्ता मी पूर्वी शहरातल्या ऑफिसात जाणाऱ्या बायकांसाठी केला होता. सोय म्हणून तोच पुढे केला.

तीन आठवड्यांत वजन ६९.५ वर आलं. दोघीही खूश. मग श्रावण लागला.

दुसऱ्या श्रावणी सोमवारी ताईंनी उपवासही धरला आणि तक्ताही सोडला नाही. उपवासाला साबुदाणा चालतो, पण तक्त्यात साबुदाणा नाही. तक्त्यात सूप आहे, पण उपवासाला सूप चालत नाही. दोन्ही नियम पाळायचे म्हणून त्या दिवसभर केळं आणि चहावर राहिल्या. दुपारी चारला मशीनवर काम करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई डाव्या हाताच्या पहिल्या बोटात गेली. नखातून आरपार. बोट सुटेपर्यंत मशीनचं चाक मुलीने हाताने उलटं फिरवलं.

त्यानंतर तक्ता बंद झाला. ओट्सचं पाकीट मुलाने संपवलं. सप्टेंबरच्या मध्यावर, गणपती झाल्यावर, ताई आल्या तेव्हा वजन ७१.८ होतं, सुरुवातीपेक्षाही जास्त. त्या रागावल्या नव्हत्या, उलट मलाच समजावत होत्या: “तुमचं चुकलं नाही, माझंच मन खंबीर नाही.” हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. हिमोग्लोबिन १०.४ असलेल्या बाईला मी १,२०० कॅलरींवर ठेवलं होतं, श्रावणात उपवास करता का हे विचारलं नव्हतं, आणि ती स्वतःच्या मनाला दोष देत होती.

मापाची वही

त्या दिवशी नवा तक्ता दिला नाही. एकच काम सांगितलं: आठ दिवस काहीही बदलू नका, फक्त तोंडात जाईल ते लिहून ठेवा. ताई म्हणाल्या, “माझी मापाची वही आहेच की. त्यातच मागच्या पानापासून लिहिते.”

शिंप्याची मापाची वही ही बघण्यासारखी चीज असते. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा यांचे उभे रकाने आणि शेजारी कापडाचा एक तुकडा टाचलेला. ताईंनी मागच्या पानांवर तसेच रकाने आखले: वेळ, काय, किती. चौथा रकाना त्यांनी स्वतःच वाढवला आणि त्यात नुसतं ‘ब’ किंवा ‘उ’ लिहिलं. बसून खाल्लं की ब, उभ्याने खाल्लं की उ.

आठ दिवसांच्या नोंदींत निम्म्याहून जास्त ‘उ’ होते.

ताटातलं खाणं त्यांनी जुलैत सांगितलं होतं तसंच होतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. जादाचं सगळं ताटाबाहेर होतं, आणि ताटाबाहेरचं खाणं त्या ‘जेवण’ या शब्दात धरतच नव्हत्या.

पहिली गोष्ट चहा. दोन कप बरोबर होते. पण गिऱ्हाईक आलं की चहा होतो आणि पाहुणीला एकटीला कसा द्यायचा म्हणून ताई ‘अर्धाच’ घेतात. असे अर्धे कप दिवसाला सात. मी त्यांना घरचा चमचा घेऊन यायला सांगितलं. दवाखान्यातल्या छोट्या काट्यावर कागद ठेवून त्यांनी नेहमीसारखे दोन चमचे साखर घातली, शीग लावून, आणि काटा १३ ग्रॅमवर थांबला. माझ्या हिशेबात चमचा पाच ग्रॅमचा होता. दोन पूर्ण आणि सात अर्धे कप म्हणजे दिवसाला सत्तर ग्रॅमच्या वर साखर, सुमारे २८० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर जमल्यास पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगते. या घरात साखरेची टंचाई कधी नव्हती. कारखान्याच्या सभासदाला सवलतीत मिळते, ती पोत्याने येते.

दुसरी गोष्ट उरलेलं अन्न. ताई रात्री सगळ्यांच्या मागून जेवायच्या, साडेनऊ-दहाला. जेवण झाल्यावर ओट्याशी झाकपाक. मुलाच्या ताटातली अर्धी चपाती, पातेल्यात राहिलेला डावभर भात, कढईच्या तळची तेल सुटलेली भाजी. “एवढ्याशासाठी डबा कुठं काढू?” असं म्हणत ते तोंडात जायचं. वहीत एका रात्रीची नोंद अशी होती: ‘१०.२०, निम्मी चपाती, भात २ घास, वांगं १ फोड, उ.’ हे रोजचे दोनशे-अडीचशे कॅलरी.

तिसरी गोष्ट उपवास. आठ दिवसांत एकच आला, संकष्टी. त्या दिवशीची खिचडी आम्ही कोरड्या मापाने मोजली: साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट दोन मुठी, एक बटाटा, तूप दीड चमचा. बशीभर खिचडीत सहाशेच्या आसपास कॅलरी होत्या आणि कूट सोडलं तर प्रथिनं जवळपास नाहीतच. रात्री उपवास सोडताना गोड ते वेगळं. श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी, नवरात्र धरलं तर वर्षाकाठी पन्नास-साठ दिवस असे.

चौथी गोष्ट तेल, तीही पटकन कळली. पाच माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपतो. म्हणजे माणशी रोज ३३ मिलिलिटर, पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या.

कोणते पर्याय समोर होते

सप्टेंबरअखेर आम्ही तिघं बसलो: ताई, डॉक्टर आणि मी.

दिवसातून दोनदाच जेवण हा पहिला पर्याय. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे ही पद्धत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे: कडकडून भूक लागेल तेव्हा दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवायचं, मध्ये काही नाही. ताईंनी २०१९ मध्ये ती केली होती. मी या पद्धतीच्या विरोधात नाही, आणि इथे तर तिने सातही अर्धे कप एका झटक्यात बंद झाले असते. पण ताईंना मागचा अनुभव आठवत होता. पाहुण्यारावळ्यांपुढे सारखं ‘मला नको’ म्हणण्याचा त्यांना कंटाळा आला होता, आणि एकदा मोडल्यावर सगळंच मोडलं होतं.

दुसरा, ओळखीच्या एका बाईंकडचे शेकचे डबे. तो महागाचा पर्याय होता आणि शेक बंद केल्यावर काय खायचं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

तिसरा, गोळी. एचबीए१सी बघून डॉक्टर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुरू करू शकत होते. चेन्नईत ५३१ लोकांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उंबरठ्यावरच्या माणसांना मधुमेह होण्याचं प्रमाण आहार-व्यायामाने साधारण २८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिनने २६ टक्क्यांनी कमी झालं. दोन्ही एकत्र करून वेगळा फायदा दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गोळीशिवाय बघू, मग पुन्हा रक्त तपासू. लोहाची गोळी मात्र लगेच सुरू केली.

चौथा पर्याय आत्तींचा होता, तो ताईंनी सांगितला: “सोमवारच्या जोडीला गुरुवार धर.” त्यावर आम्ही तिघंही हसलो, पण आत्तींच्या डोक्यातलं गणित सरळ होतं. उपवास म्हणजे कमी खाणं. त्यांच्या तरुणपणी तो तसा होताही.

पाचवा मार्ग आम्ही घेतला. ताटाला हात लावायचा नाही. ताटाबाहेरचं एकेक करून हलवायचं, महिन्याला एक, आणि एक बसल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. महिन्याला अर्धा-पाऊण किलो उतरला तरी पुरे. ताईंना हा वेग फार कमी वाटला. “असं तर वर्ष जाईल,” त्या म्हणाल्या. वर्ष तसंही जाणारच आहे, असं मी बोलून गेले आणि मग जरा ओशाळले.

काय केलं

ऑक्टोबर चहाचा. साखर एकदम बंद केली नाही. डब्यातला चमचा बदलला, औषधाच्या बाटलीबरोबर येणारा पाच मिलिलिटरचा ठेवला, आणि तोही सपाट. गिऱ्हाइकाबरोबरच्या अर्ध्या कपाचं कोडं ताईंनीच सोडवलं. स्वतःसाठी तसाच कप घ्यायचा, त्यात गवती चहा आणि आलं घातलेलं गरम पाणी. समोरच्या बाईला एकटं पिण्याचा संकोच होत नाही, कपात काय आहे हे कुणी वाकून बघत नाही. हे मला कधीच सुचलं नसतं. जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही एवढं मी सांगितलं, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

नवरात्र त्याच महिन्यात होतं. इथे निर्णयाची वेळ आली: उपवास सोडा म्हणायचं की त्यातलं खाणं बदलायचं? सोडा म्हणण्याचा मला अधिकार नव्हता आणि ताईंची इच्छाही नव्हती. मग खिचडीचा साबुदाणा निम्मा केला, तिच्याबरोबर दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि मोठा पेला ताक. एका वेळी उकडलेलं रताळं आणि दही. रात्री राजगिऱ्याची भाकरी आणि भोपळ्याची भाजी. कोशिंबिरीत कोथिंबीर चालते की नाही यावर आत्तींचा निकाल अंतिम होता (त्यांच्या घरात चालत नाही, पलीकडच्या घरात चालते). चक्कर आली नाही. नऊ दिवसांत वजन चारशे ग्रॅम उतरलं.

नोव्हेंबर-डिसेंबर उरलेल्या अन्नाचा, आणि हाच सगळ्यात अवघड निघाला. अन्न टाकून द्या हे वाक्य मी उच्चारलंही नाही. ज्या घरात भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावतात तिथे ते चालणारच नव्हतं. मग आम्ही उरण्यावरच गेलो. चपात्या मोजून लाटायच्या. तरी उरल्या तर डबा ठरलेला, आणि सकाळी त्याचा कुस्करा, भरपूर कांदा आणि मोड आलेली मटकी घालून. त्यामुळे खारी-चहाऐवजी ताईंना सकाळचं पोटभर खाणं मिळालं, त्यासाठी वेगळा खटाटोप न करता.

मोठा बदल जेवायच्या वेळेचा. मी म्हटलं, सगळ्यांबरोबर आठ वाजता बसा, आपलं ताट आधी वाढून घ्या. ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “गरम चपात्या कोण करणार?” दोन आठवडे हे अडून राहिलं. सोडवलं नवऱ्याने. पुढच्या भेटीला तेच त्यांना गाडीवरून घेऊन आले होते. मी त्यांना वहीतली रात्रीच्या नोंदींची पानं दाखवली. ते बराच वेळ वाचत राहिले आणि एवढंच म्हणाले, “डब्यातल्या गार चपात्या मी दुपारी कारखान्यात खातोच की.” तेव्हापासून रात्रीच्या चपात्या-भाकरी साडेसातला करून दुरडीत फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि पाचही जण एकत्र बसतात.

तेलाच्या डब्यावर ताई उघडल्याची तारीख स्केचपेनने लिहू लागल्या. पाच लिटर आधी चाळीस आणि मग पंचेचाळीस दिवस पुरायला लागले. जेवणात वाढवलं तेही सांगायला हवं: रोज एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण, वाराचे दिवस सोडून एक-दोन अंडी, दुपारी ताक. यामुळे प्रथिनं साधारण ३५ ग्रॅमवरून ५५ च्या आसपास गेली आणि संध्याकाळच्या भडंगाची ओढ आपोआप कमी झाली. भडंग बंद केलं नाही. सांगली भागात राहून भडंग बंद करा असं सांगणारी आहारतज्ज्ञ फार दिवस टिकणार नाही. ते परातीतून न खाता वाटीत काढून घेतात, इतकंच.

चालणं. पहाटे रस्त्यावर कुत्री, आणि गावात बाई बूट घालून चालायला निघाली की चार प्रश्न. म्हणून सकाळचं चालणं आम्ही सोडूनच दिलं. रात्रीच्या जेवणानंतर गच्चीवर वीस मिनिटं फेऱ्या. जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते, म्हणून वेळही योग्य. शिवाय तयार कपडे गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः चालत पोचवायचे. आधी हे काम मुलगा गाडीवर करायचा. पिशवी हातात असली की कुणी विचारत नाही कुठे निघाल्या म्हणून, आणि उधारीही वसूल व्हायला लागली. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं हे सर्वसाधारण उद्दिष्ट असतं. ताई फेब्रुवारीत तिथे पोचल्या. त्याआधी दम लागायचा. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेल्यावर फरक पडला.

अडलेले दहा आठवडे

नोव्हेंबर २०२४ अखेर, दिवाळी होऊनही, वजन ६९.९ होतं. जानेवारीत ६८.३, मार्चअखेर ६६.६. मग काटा अडला. एप्रिल गेला, मे गेला: ६६.६, ६६.८, ६६.७. लग्नसराई होती, काम रात्री अकरापर्यंत, गच्चीवरच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या होत्या. ताईंचा धीर सुटायला लागला. त्यातच पुण्याच्या नणंदेने फोनवर सांगितलं की वजनाचं नवीन इंजेक्शन आलंय. मार्च २०२५ मध्ये टिरझेपटाइड हे इंजेक्शन भारतात मिळायला लागलं होतं, आणि त्यानंतर हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला यायला लागला.

तीन गोष्टींमधून निवड होती: खाणं आणखी कमी करणं, इंजेक्शनबद्दल विचार करणं, किंवा आहे ते धरून ठेवणं. इंजेक्शन वाईट असतं असं डॉक्टरांनी मुळीच सांगितलं नाही. त्यांच्या काही रुग्णांना ते दिलेलंही आहे. पण ते थांबवल्यावर बरंचसं वजन परत येतं आणि खर्च महिन्यामागून महिना चालू राहतो. ताईंची साखर उतरत होती, त्यामुळे त्यांच्यासाठी आत्ता नको, असं ठरलं.

खाणं आणखी कमी करावं की नाही यावर मी स्वतः डळमळीत होते. तेव्हा ताईंनी पर्समधून स्वतःची टेप काढली. कंबर पहिल्या भेटीला सव्वाअडतीस इंच होती, मार्चअखेर सव्वाछत्तीस, आणि मेअखेर साडेपस्तीस. वजन जागचं हललं नव्हतं आणि कंबर पाऊण इंचाने आत गेली होती.

मी त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. ताईंना त्यात काही नवल वाटलं नाही. “आमच्यात रोजचंच आहे. दोघी साठ किलोच्या, पण एकीचा ब्लाऊज दुसरीला बसत नाही.”

चेन्नईच्या त्या अभ्यासातही आहार-व्यायाम करणाऱ्यांचं वजन म्हणण्यासारखं घटलं नव्हतं, तरी मधुमेह लांबला होता. मग आम्ही खाणं तसंच ठेवलं आणि ताकदीचे व्यायाम घातले: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. दिवसाआड पंधरा मिनिटं, गिऱ्हाइकं यायच्या आधी. पहिल्या आठवड्यात खुर्चीवरून सलग सहा वेळा उठता आलं, ऑगस्टमध्ये वीस. दवाखान्यात वजन करणंही महिन्यातून एकदाच ठेवलं. घरी फक्त टेप.

परिणाम

सप्टेंबर २०२५ मध्ये वजन ६३.९ किलो, म्हणजे मूळ वजनापेक्षा साडेसात किलो कमी. सुमारे दहा टक्के. कंबर साडेचौतीस इंच. एचबीए१सी मार्चमध्ये ५.९ होतं, सप्टेंबरमध्ये ५.७. हिमोग्लोबिन ११.९. गोळी लागली नाही. गुडघा जिना उतरताना अजून कधीकधी बोलतो, पण रोज नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, किलोभर वजन कमी झालं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो असं दिसलं होतं, त्यामुळे याचं आश्चर्य नाही.

न झालेलंही लिहायला हवं. बीएमआय २७.७ आहे, म्हणजे अजून स्थूलच. बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर, ताईंच्या भाषेत साडेएकतीस इंच. तिथून त्या तीन इंच लांब आहेत. एचबीए१सी अजून उंबरठ्याच्या कडेवरच आहे. दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये आल्या तेव्हा वजन ६४.७ होतं. फराळ घरचा आणि गिऱ्हाइकांनी आणून दिलेला असा दुप्पट झाला होता. यावेळी त्यांनी “मन खंबीर नाही” असं म्हटलं नाही. वही काढली आणि चकल्यांपुढचे ‘उ’ दाखवले.

वेगळं काय करता आलं असतं

हिमोग्लोबिन आधी सुधारून मग चालायला सांगायला हवं होतं. दमणारी बाई आळशी दिसते, आणि सुरुवातीला मलाही ती तशी दिसली. ताकदीचे व्यायाम जूनऐवजी जानेवारीतच सुरू करायला हवे होते. पाळी जायच्या वयात स्नायू झपाट्याने कमी होतात हे मला माहीत होतं, तरी मी चालण्यावरच भर दिला. आणि छापील तक्ता. तो मी त्यानंतर कुणालाही पहिल्या भेटीत दिलेला नाही. आधी आठ दिवसांची वही मागते. दहातले चार जण ती आणतच नाहीत, आणि त्यांचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

घरच्यांना मी उशिरा बोलावलं. नवऱ्याने पानं वाचली नसती तर रात्रीच्या जेवणाची वेळ बदलली नसती. आत्तींशी तर मी आजवर एकदाही थेट बोललेले नाही. त्यांचं म्हणणं नेहमी ताईंच्या तोंडून ऐकलं, आणि काही वेळा ते त्यांचं होतं की ताईंचं स्वतःचं, याची मला शंका आहे.

नोव्हेंबरच्या भेटीत निघता निघता ताई सहज म्हणाल्या की आता आठला सगळ्यांबरोबर जेवून त्या लगेच गच्चीवर जातात, मागची झाकपाक मुलगी करते. मी विचारलं, “मग पातेल्यात राहतं ते?” ताई दारात थांबल्या. मुलगी आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिची सेमिस्टरची परीक्षा झाली की दोघी मिळून येणार आहेत, तिच्या नावाची वेगळी वही घेऊन.